ग्रीन कार्डचा अर्ज चालू असताना गावी जाऊन येता येतं का?

एरवी मी इथे मातीतल्या बुरशीबद्दल, कांद्याच्या मुळांबद्दल आणि पेपर कसा वाचावा याबद्दल लिहिते. पण गेल्या काही महिन्यांत तुमच्याकडून येणाऱ्या प्रश्नांत एक वेगळाच प्रश्न सारखा यायला लागलाय. "ताई, इथे शिकायला आले, इथेच लग्न झालं. नवरा अमेरिकन नागरिक आहे. ग्रीन कार्डचा अर्ज भरलाय. मे महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न आहे, पंधरा दिवस जाऊन आले तर चालेल ना?" दुसरा म्हणतो, माझं फिल्डवर्क भारतात आहे, गाईड थांबायला तयार नाहीत. तिसरीची बर्लिनला परिषद आहे, "फक्त चार दिवस".

एका वाक्यात सांगायचं तर परतीचा कागद हातात पडल्याशिवाय निघू नका. पण संशोधन करू पाहणाऱ्याने एका वाक्यातल्या उत्तरावर विसंबू नये. आपण पेपर वाचताना सारांशावर थांबत नाही, पद्धती वाचतो. इथेही तसंच करू. मी वकील नाही. नियम मुळातून वाचायची सवय तेवढी आहे, आणि स्वतः त्यातून गेले आहे.

आधी अर्ज म्हणजे नेमकं काय ते बघू. लग्नाच्या आधारावर अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्ड मागायचं तर दोन मुख्य फॉर्म असतात. आय-१३० नागरिक जोडीदार भरतो: हे लग्न खरं आहे, ही माझी बायको किंवा हा माझा नवरा आहे. आय-४८५ आपण भरतो: मी इथे कायदेशीर आत आलेली आहे, इथेच आहे, तर मला इथूनच कायम रहिवासी करा. याला म्हणतात 'ॲडजस्टमेंट ऑफ स्टेटस', आणि त्याचा आधार इमिग्रेशन ॲण्ड नॅशनॅलिटी ॲक्टचं कलम २४५.

यातल्या 'इथेच आहे' या दोन शब्दांत सगळं आलं. देशाबाहेरच्या माणसाला ग्रीन कार्ड द्यायचा रस्ता कायद्यात वेगळा आहे. तो वकिलातीतून जातो. आय-४८५ हा देशात असलेल्या माणसाचा अर्ज. त्यामुळे तुम्ही बाहेर पाऊल टाकलंत की अर्जाचा पायाच निघतो. तुम्ही अर्ज सोडून दिला, असं सरकार धरतं. मंचरच्या स्टँडवर आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, तसं हे आहे. रुमाल टाकलाय म्हणून जागा तुमची आहे, पण गाडी सुटताना तुम्ही गाडीत नसाल तर रुमालाला कोणी विचारत नाही.

नियम कुठे लिहिलाय? संघीय नियमसंहितेच्या आठव्या शीर्षकात, २४५.२ या क्रमांकाखाली. इंटरनेटवर फुकट वाचता येतो. पानभर मजकूर आहे, दोन ज्ञानकोश आणि दहा यूट्यूब व्हिडिओंपेक्षा तो एकदा सावकाश वाचलेला बरा. त्याचा सार असा: अर्ज प्रलंबित असताना अर्जदार देशाबाहेर गेला तर अर्ज सोडून दिला असं मानलं जाईल, पण काही अपवाद आहेत. पहिला अपवाद, निघण्याआधी 'ॲडव्हान्स पॅरोल' मंजूर झालेला असेल आणि परत येताना त्यावरच आत घेतलं गेलं तर. दुसरा, अर्जदार एच-१ किंवा एल-१ या नोकरीच्या व्हिसावर असेल, परतल्यावरही त्या दर्जाला पात्र असेल, त्याच मालकाकडे कामावर रुजू व्हायला येत असेल आणि व्हिसा चालू असेल तर. त्यांच्या जोडीदारांच्या एच-४ आणि एल-२ लाही तशीच सवलत आहे. के-३ वगैरे आणखी एकदोन प्रकार आहेत, ते आपल्या वाचकांत जवळजवळ नाहीत.

आता या यादीत काय नाही ते बघा. एफ-१ नाही. जे-१ नाही. म्हणजे विद्यार्थी नाही, आणि बहुतेक पाहुणे संशोधकही नाहीत.

इथे हुशार मुलं अडखळतात. "माझा एफ-१ व्हिसा अजून दोन वर्षं चालू आहे. आय-२० वर विद्यापीठाने प्रवासाची सही दिलीय. मग अडचण कुठे?" अडचण अशी की हे कागद आत येण्याबद्दल बोलतात आणि नियम बाहेर जाण्याबद्दल बोलतो. तुम्ही विमानात बसलात त्या क्षणी अर्जाचं काय व्हायचं ते होऊन गेलं. परत येताना शिक्का चालला तरी गेलेला अर्ज जिवंत होत नाही. शिवाय शिक्का चालेलच असंही नाही. एफ-१ मागणाऱ्या माणसाने कलम २१४ (ब) प्रमाणे दाखवायचं असतं की शिक्षण झाल्यावर मी माझ्या देशी परत जाणार आहे. आणि फाईलमध्ये तुमच्याच सहीचा कागद आहे की मला इथे कायम राहायचंय. मुंबईला बीकेसीच्या वकिलातीत खिडकीपलीकडचा अधिकारी हे दोन्ही वाचू शकतो. एच-१ ला सवलत मिळते ती याचमुळे: त्या व्हिसात दोन्ही इरादे एकत्र चालतात, तात्पुरतं कामही आणि कायम राहायची इच्छाही.

बाहेर म्हणजे किती बाहेर? चार दिवस असोत की चार महिने, फरक नाही. नायगारा कॅनडाच्या बाजूने छान दिसतो म्हणून पूल ओलांडलात तरी ते बाहेर जाणंच. कॅनडात तीस दिवसांच्या आत जाऊन आलं तर संपलेल्या शिक्क्यावरही विद्यार्थ्याला परत घेतात, अशी एक सवलत आहे आणि ती ऐकून लोक निर्धास्त होतात. ती सवलत व्हिसाच्या शिक्क्याची आहे, आय-४८५ ची नाही. हवाई, अलास्का, पोर्तो रिको मात्र खुशाल फिरा, तो देशातलाच प्रवास.

आता पॅरोल. हा शब्द ऐकला की आपल्याकडे येरवड्यातून सुटीवर आलेला कैदी आठवतो. घरी सांगितलं तेव्हा वडिलांनी पहिल्यांदा हेच विचारलं, "म्हणजे तू काय गुन्हा केलास?" इमिग्रेशनमध्ये त्याचा अर्थ वेगळा आहे. अमेरिकन कायद्यात एखाद्याला 'प्रवेश दिला' हे एक, आणि 'प्रवेशाचा प्रश्न बाजूला ठेवून तात्पुरतं आत येऊ दिलं' हे दुसरं. हे दुसरं म्हणजे पॅरोल, १९५२ च्या कायद्यापासून चालत आलेलं. आपल्या भाषेत सांगायचं तर पाहुण्याला ओसरीवर बसवलंय, पाणी दिलंय, पण माजघरात घ्यायचं की नाही हे अजून ठरायचंय. ॲडव्हान्स पॅरोल म्हणजे ओसरीवर बसवण्याची परवानगी आधीच लिहून घेणं.

त्यासाठी फॉर्म आय-१३१. तो आय-४८५ बरोबरच पाठवता येतो किंवा मागून. आधी त्याची वेगळी फी पडत नसे. १ एप्रिल २०२४ च्या नव्या दरपत्रकापासून ती वेगळी झाली, तेव्हा आय-४८५ ची फी १,४४० डॉलर आणि आय-१३१ ची ६३० डॉलर अशी ठरली. स्टायपेंडवर जगणाऱ्याला हे आकडे लहान नाहीत, त्यामुळे "प्रवास करायचा नाहीये, कशाला भरू" असं वाटतं. मी म्हणेन भरा. घरचा फोन तारीख विचारून येत नाही. फी मात्र अर्ज पाठवायच्या दिवशी अधिकृत साईटवर पुन्हा बघा, चुकीच्या रकमेचा अर्ज तसाच परत येतो.

एक बारीक गोष्ट, पण यातच सगळ्यात जास्त घोळ होतात. आय-१३१ भरला म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. पोचपावती म्हणजे परवानगी नाही. ती मंजूर होण्याआधी तुम्ही निघालात तर ते मागणंही सोडून दिलं असं धरतात. "मी निघते, कागद आला की नवरा कुरिअरने पाठवेल" हा बेत आपल्याकडे फार लोकप्रिय आहे आणि तो चालत नाही. मंजुरी आधी, विमान नंतर.

कागद मिळाला की लोक पेढे वाटतात. मला वाटतं खरा विचार तिथून सुरू करायला हवा, आणि पीएचडी करणाऱ्यांसाठी तर नक्कीच. ॲडव्हान्स पॅरोलवर परत आलात की तुम्ही एफ-१ विद्यार्थी म्हणून आत आलेला नसता. तुमच्या आय-९४ नोंदीवर 'डीए' असं लिहिलेलं असतं, म्हणजे पॅरोलवर आलेला माणूस. शिक्षण चालू ठेवता येतं, त्याला हरकत नाही. पण प्रयोगशाळेतली तुमची असिस्टंटशिप एफ-१ च्या आधारावर चालू असते. एफ-१ मागे पडलं की तो आधार गेला. मग पगार घ्यायला कामाचा स्वतंत्र परवाना लागतो, ईएडी, आणि त्याचा फॉर्म आय-७६५ वेगळा, मंजुरी वेगळी, येण्याची तारीखही वेगळी.

माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं. आमचं लग्न इथल्या काउंटी ऑफिसात झालं, दोन साक्षीदार आणि व्हिडिओ कॉलवर कळंबचं घर. आईच्या हिशेबी ते लग्न झालंच नव्हतं. जागरण-गोंधळ व्हायला हवा, जेजुरीला जाऊन यायला हवं, आणि आजीच्या डोळ्यांदेखत व्हायला हवं. त्या पावसाळ्यात आजीला मंचरच्या दवाखान्यात ठेवलं. माझा ॲडव्हान्स पॅरोल मंजूर झालेला होता, कागद टेबलावर होता. ईएडीचा पत्ता नव्हता. गेले असते तर परत येता आलं असतं, पण आल्यावर ईएडी येईपर्यंत पगार बंद, आणि त्या प्रकल्पात महिनोन्महिने वाढवलेली कल्चर्स दुसऱ्याच्या हवाली. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात जाऊन मी हेच विचारलं आणि त्यांनी कागदावर आकृती काढून समजावलं. मी थांबले. आजी घरी आली. ईएडी आल्यावर बारा दिवसांसाठी गेले, गोंधळ झाला. आजी गोंधळ्यांसमोर खुर्चीत बसून होती आणि मध्येच मला जवळ बोलावून म्हणाली, "ते तुझं कार्ड झालं का गं?" नव्हतं झालं.

दवाखान्यातली बातमी वेगळी आली असती तर मी कदाचित पगाराचा विचार केला नसता. तुम्हीही करू नका असं मी सांगणार नाही आणि करा असंही नाही. पण काय देऊन काय मिळतंय ते आधी माहीत असावं. पॅरोलवर आल्यावर आय-४८५ नामंजूर झाला तर खाली पाय टेकायला एफ-१ उरलेलं नसतं, हेही त्याच हिशेबात धरा. ज्यांचा अर्ज साधा, सरळ, नीट कागदपत्रांचा आहे त्यांना ही भीती कमी. ज्यांच्या फाईलमध्ये गुंता आहे त्यांनी आधी वकिलाला विचारावं आणि मगच तिकीट बघावं.

गुंता म्हणजे काय? पहिला, मुदत उलटून राहिलेले दिवस. १९९६ च्या कायद्याने एक कडक नियम आणला: १८० दिवसांपेक्षा जास्त पण वर्षापेक्षा कमी काळ बेकायदा राहून देश सोडला तर तीन वर्षं परत येता येत नाही, वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलात तर दहा वर्षं. नागरिकाशी लग्न झालेल्याला देशात राहून अर्ज करताना मुदतबाह्य राहणं बहुतेक वेळा माफ असतं. पण हे दिवस ज्याच्या खात्यावर आहेत त्याने बाहेर पाऊल टाकलं की हा नियम जागा होतो. म्हणजे गंमत बघा, घरात बसलात तर माफी, दाराबाहेर गेलात तर दहा वर्षं.

मग असा माणूस ॲडव्हान्स पॅरोल घेऊन गेला तर? या प्रश्नाचं उत्तर भारतातल्याच एका जोडप्याच्या खटल्यात मिळालं. अराबेली आणि येराबेली हे नवरा-बायको. त्यांचे अर्ज नोकरीच्या आधाराचे होते, लग्नाच्या नव्हेत, पण प्रश्न तोच. मुदत उलटून वर्षापेक्षा जास्त दिवस झालेले, आय-४८५ प्रलंबित, आणि भारतात म्हातारे आईवडील. त्यांना भेटायला ते ॲडव्हान्स पॅरोल घेऊन गेले, परत आले, पुन्हा गेले. नंतर सरकारने म्हटलं, तुम्ही देश सोडलात, आता दहा वर्षांचा नियम लागू. १७ एप्रिल २०१२ ला इमिग्रेशन अपील मंडळाने निकाल दिला की सरकारनेच परत यायची आधी परवानगी दिलेली असताना केलेला तात्पुरता प्रवास म्हणजे त्या कलमातलं 'देश सोडणं' नव्हे. 'जाणं' या एका क्रियापदाचा अर्थ लावायला दोन माणसांना काही वर्षं लागली. निकाल वाचण्यासारखा आहे, भाषा सोपी आहे. मात्र तो मंडळाचा निकाल आहे, कायद्याचं कलम नव्हे, आणि तो एकाच अडथळ्याबद्दल बोलतो. जुना गुन्हा, खोटी माहिती, हद्दपारीचा खटला असल्या गोष्टींना तो लागू नाही. हद्दपारीचा खटला चालू असलेल्याने तर पॅरोल घेऊनही वकिलाशिवाय हलू नये.

एफ-१ वाल्यांना इथे थोडा दिलासा आहे. विद्यार्थ्याला ठरावीक तारखेऐवजी 'दर्जा टिकेपर्यंत' अशी मुदत देऊन आत घेतलेलं असेल, तर अधिकाऱ्यांनी किंवा न्यायाधीशाने तसं ठरवेपर्यंत हे बेकायदा दिवस मोजायला सुरुवात होत नाही. तुमच्या आय-९४ वर काय लिहिलंय ते आजच बघून ठेवा.

दुसरा गुंता जे-१ चा. फुलब्राइटसारख्या सरकारी पैशावर गेलेल्यांना, आणि काही ठरावीक विषयांतल्यांना, काम संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायची अट असते, कलम २१२ (ई). नागरिकाशी लग्न झालं म्हणून ती सुटत नाही. अट पूर्ण केल्याशिवाय किंवा तिची माफी मिळवल्याशिवाय आय-४८५ मंजूरच होत नाही, मग प्रवासाचा प्रश्न पुढचा. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरत असाल तर ही ओळ आत्ताच वाचा, लग्न ठरल्यावर नको.

प्रवास ठरलाच तर तयारीबद्दल थोडं. ॲडव्हान्स पॅरोलचा मूळ कागद, झेरॉक्स नाही. पासपोर्ट, आय-४८५ ची पोचपावती, लग्नाचा दाखला, आणि शिकत असाल तर विद्यापीठाचं पत्र. परत आल्यावर रांगेतला अधिकारी बहुतेक वेळा तुम्हाला आतल्या दुसऱ्या खोलीत पाठवतो. घाबरायचं कारण नाही, पॅरोलवाल्यांची ती नेहमीची वाट आहे. तिथे मी तासभर बसले, मोबाईल वापरायची परवानगी नव्हती, तीनचार साधे प्रश्न झाले आणि शिक्का मिळाला. पुढचं विमान जोडून असेल तर मध्ये तीनचार तास ठेवा. कागद असला तरी आत घ्यायचं की नाही हे त्या अधिकाऱ्याच्या हातात असतं, हे कागदावरच छापलेलं आहे.

नावाचं बघा. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं आणि कागदपत्रांत तीन पिढ्यांची तीन स्पेलिंग असतात. पासपोर्टवर माहेरचं नाव, आय-१३१ वर सासरचं, तिकीट तिसऱ्याच नावाने, असं करू नका. अर्ज चालू असेपर्यंत पासपोर्टवरचं नाव बदलायची घाई नको. ज्यांचं लग्न गावी झालंय त्यांनी ग्रामपंचायतीकडून नोंदणीचा दाखला घ्यावा. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली गावात ग्रामसेवकच निबंधक असतो. दाखल्यात जो मजकूर फक्त मराठीत असेल त्याचं इंग्रजी भाषांतर लागतं, आणि ते आपल्याला दोन्ही भाषा येतात व भाषांतर बरोबर आहे असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यावं लागतं. लग्नपत्रिका आणि फोटो हे सोबतचे पुरावे, दाखल्याची जागा ते घेत नाहीत.

घरी परत येईपर्यंत कोणीतरी पत्रपेटी बघत राहायला हवं. बोटांच्या ठशांची किंवा मुलाखतीची तारीख तुम्ही बाहेर असताना येऊ शकते. न कळवता ती चुकवली तर अर्ज त्या कारणानेही जाऊ शकतो. तारीख बदलून मागता येते, पण पत्र वाचलंच नाही तर मागणार कशी?

आणि खरीच तातडी आली, पॅरोल मंजूर नाही आणि घरी कोणी अत्यवस्थ आहे, तर? तातडीचा ॲडव्हान्स पॅरोल असा प्रकार आहे. इमिग्रेशन खात्याच्या संपर्क केंद्राला फोन करून जवळच्या स्थानिक ऑफिसची वेळ मागायची, दवाखान्याचं पत्र, नातं दाखवणारा कागद, भरलेला आय-१३१ आणि फी घेऊन जायचं. मिळेलच असं नाही, पण विचारल्याशिवाय तर नाहीच मिळणार. दवाखान्याचं पत्र इंग्रजीत, तारखेसह, डॉक्टरांच्या सहीचं मागवा. आपल्याकडची चार औषधांची चिठ्ठी तिथे कामाला येत नाही.

काही जणांसाठी दुसरा रस्ता बरा. आय-४८५ भरायचाच नाही. फक्त आय-१३० भरायचा आणि पुढचं सगळं मुंबईच्या वकिलातीतून. सोडून द्यायला अर्जच नसल्यामुळे त्या रस्त्यात प्रवासाने काही बुडत नाही. मात्र इमिग्रंट व्हिसा मिळेपर्यंत नवरा-बायकोला दोन देशांत राहावं लागू शकतं, आणि मधल्या काळात भेटीला जायचा पर्यटक व्हिसा मिळणं कठीण असतं. ज्याचं वर्षभराचं फिल्डवर्क सह्याद्रीतच आहे, त्याने हा रस्ता जरूर तपासावा. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत ग्रीन कार्ड मिळालं तर ते दोन्ही रस्त्यांत दोनच वर्षांचं असतं, मुदत संपण्याआधी आय-७५१ भरून अट काढून घ्यावी लागते. पण तेव्हा तुम्ही कायम रहिवासी असता. पोचपावतीने कार्डाची मुदत वाढते आणि प्रवासाची ही सगळी कटकट संपलेली असते.

तुमच्यातले बरेच जण अमेरिकेला जाणारच नाहीत, त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रिटनमध्ये राहून जोडीदार म्हणून मुक्काम वाढवायचा अर्ज केलात आणि निकालाआधी ब्रिटन-आयर्लंडच्या सामायिक क्षेत्राबाहेर गेलात, तर अर्ज मागे घेतला असं धरतात. नियम ३४-के. तिथे अमेरिकेसारखा आधी मागायचा पॅरोल नाही, निकालापर्यंत थांबायचं. ऑस्ट्रेलियात अर्जाबरोबर मिळणाऱ्या ब्रिजिंग व्हिसा ए वर बाहेर जाऊन परतता येत नाही, निघण्याआधी ब्रिजिंग व्हिसा बी मागून घ्यावा लागतो. कॅनडात देशात राहणाऱ्या जोडीदारांच्या वर्गात अर्ज असेल तर बाहेर जायला बंदी नाही, पण परतीच्या प्रवेशाची हमीही नाही, आणि परत येता आलं नाही तर अर्ज अडकतो. जर्मनी मला यात सगळ्यात समंजस वाटते. तिथे निकाल लांबला की 'फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग' नावाचा जिभेची परीक्षा बघणारा कागद देतात. त्यावर कायद्याच्या ८१ व्या कलमाच्या कोणत्या उपकलमावर खूण केलीय ते बघायचं. चौथ्यावर असेल तर जुना परवाना चालू धरला जातो आणि परत येता येतं. तिसऱ्यावर असेल तर त्या कागदावर परत येता येत नाही. एका चौकोनातल्या खुणेचा प्रश्न, म्हणून ऑफिसातून बाहेर पडायच्या आधी तिथेच वाचा.

उलटा प्रश्नही एकाने विचारलाय. जोडीदार परदेशी, दोघांना पुण्यात स्थायिक व्हायचंय. नारायणगावजवळ खोडदला मोठी रेडिओ दुर्बीण आहे, तिथे जगभरचे लोक निरीक्षणांसाठी येतात, त्यामुळे आपल्या भागात हा प्रश्न काल्पनिक नाही. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्ड मागता येतं, पण नागरिकत्व कायद्याच्या कलम ७-अ प्रमाणे लग्नाची नोंदणी झालेली असावी आणि अर्जाआधी सलग किमान दोन वर्षं ते लग्न टिकलेलं असावं. तोवर जोडीदार म्हणून मिळणाऱ्या एंट्री व्हिसावर राहायचं आणि परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाशी संबंध ठेवायचा. नोंदणी विशेष विवाह कायद्याने करणार असाल तर तीस दिवसांची नोटीस धरून तारखा ठरवा. आणि या व्हिसावर 'एकदाच प्रवेश' लिहिलंय की 'अनेकदा', ते नेपाळची तिकिटं काढायच्या आधी बघा.